मुलीने 'आई' हा शब्द आजीला देऊन टाकला आहे

प्राणहिता (धागाकर्ती)

मुलगी बोलायला लागली की ती मला काय म्हणेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी नागपूरच्या महाल भागातली. माझ्या माहेरी मराठीखेरीज दुसरी भाषा उंबरठ्याच्या आत कधी आली नाही. मी माझ्या आईला आई म्हणते, म्हणून माझी मुलगी मला आई म्हणेल, असे मी गृहीत धरले होते. आता ती अडीच वर्षांची आहे आणि मला अम्मा म्हणते. 'आई' हा शब्द तिला चांगला येतो, दिवसातून चार वेळा ती तो उच्चारते, पण तो तिने माझ्या आईला दिलेला आहे.

माझ्या यजमानांचे घराणे मूळचे सिरोंचाचे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला प्राणहितेच्या काठी वसलेले हे गाव महाराष्ट्रात असले, तरी तिथल्या बाजारात आणि कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, आणि नदी ओलांडली की तेलंगण लागते. यजमानांचे शिक्षण नागपुरात मराठी माध्यमात झाले. त्यांचे मराठी माझ्याइतकेच स्वच्छ आहे, परंतु स्वतःच्या आईशी ते तेलुगूतच बोलतात. सासूबाई आमच्याजवळ राहतात आणि मी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नोकरीवर असते तेव्हा मुलगी त्यांच्यापाशी असते. मुलीसाठी त्या नानम्मा, म्हणजे वडिलांची आई. मी त्यांना अत्तय्या म्हणते. आमच्यात कसलाही वाद नाही आणि हा धागा सासूविरुद्धच्या तक्रारीचा नाही, हे मी आधीच स्पष्ट करते.

दिवसभर मुलीच्या कानावर माझा उल्लेख एकाच शब्दाने पडतो. "अम्म दग्गरकु पो," म्हणजे अम्माजवळ जा. अम्मा आली, अम्माचा फोन आहे, अम्माची पिशवी ओढू नकोस. यजमानदेखील तिच्याशी मराठी बोलताना "अम्माला विचार" असेच म्हणतात, आणि आपण तसे म्हणतो हे माझ्या सांगण्यापर्यंत त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. 'आई' हा शब्द या घरात उच्चारणारी मी एकटी आहे, आणि मी तो कोणासाठी उच्चारते? रोज रात्री साडेआठला मी महालात व्हिडिओ कॉल लावते आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "आई, जेवलीस का?" पडद्यावर जो चेहरा दिसतो त्याचे नाव आई, असे त्या मुलीने ठरवले तर तिचे काय चुकले?

हे माझ्या लक्षात आले ते गेल्या महिन्यात तेलंगखेडीच्या बागेत. घसरगुंडीजवळच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी मुलीला कौतुकाने विचारले, "तुझी आई कुठे आहे गं?" मुलीने माझे बोट धरलेले होते. तिने मान वर न करता उत्तर दिले, "आई महालात आहे." त्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. मी मुलीला सांभाळायला ठेवलेली बाई आहे, असे त्यांना वाटले असावे. मग त्यांनी हिंदीत विचारले, "तो ये कौन हैं?" मुलगी म्हणाली, "अम्मा." त्यांचे समाधान झाले. मीही त्यांच्याशी दोन शब्द बोलले, मुलीला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या, घरी आले, आणि रात्री मला झोप लागली नाही.

वडिलांच्या बाबतीतही असाच गुंता आहे. ती तिच्या वडिलांना नान्ना म्हणते, तेलुगूत वडिलांना तेच म्हणतात. माझ्या वडिलांना महालात सगळे नाना म्हणतात. आम्ही माहेरी असलो आणि ती अंगणातून हाक मारू लागली की दोघेही उठतात. पण त्या गोंधळाने कोणाच्या मनाला काही लागत नाही. माझ्या मनाला लागते, आणि ते योग्य की अयोग्य हेही मला कळत नाही.

येत्या जूनमध्ये ती बालवाडीत जाईल. तिथल्या शिक्षिका मुलांशी "मम्माने डब्यात काय दिलं?" अशा भाषेत बोलतात, हे मी प्रवेशाच्या वेळी ऐकले आहे. म्हणजे आणखी एक शब्द येणार. त्याआधी मी 'आई'चा आग्रह धरावा का? धरला तर तो सासूबाईंना लागेल का? ज्यांच्या घरात दोन भाषा आहेत, किंवा जे परदेशात राहतात, त्यांच्याकडे हे कसे घडले ते मला मनापासून ऐकायचे आहे.

जुनी शुक्रवारी

ताई, तुमचा प्रश्न दोन भाषांच्या घराचा आहे असे तुम्हाला वाटते, पण मी एका भाषेच्या घरात वाढलो आणि माझ्या आईला आयुष्यभर वहिनी म्हणालो.

आमचा वाडा शुक्रवारी तलावापासून हाकेच्या अंतरावर होता. वडील सर्वांत थोरले, त्यांच्या पाठचे चार भाऊ, दोन बहिणी. आई लग्न होऊन आली तेव्हा ते सगळे शिकत होते. सकाळी चहापासून रात्री अंथरुणापर्यंत वाड्यात एकच हाक ऐकू यायची, "वहिनी, माझा सदरा कुठे आहे?" "वहिनी, डबा!" आम्ही भावंडे त्या हाकांमध्ये बोलायला शिकलो. वडिलांना सगळे दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणालो. आजीला मात्र सारे घर आई म्हणे, म्हणून आमच्यासाठीही आई म्हणजे आजी होती. तुमच्या मुलीने जे केले ते आम्ही सहा भावंडांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी केलेले आहे.

सहा म्हणालो, पण खरे म्हणजे पाच. सर्वांत धाकटा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो जन्मला तोवर काका आपापल्या नोकरीच्या गावी गेले होते, आजी वारली होती, वाड्याच्या वाटण्या झाल्या होत्या. त्याच्याशी बोलताना आम्हीच म्हणत होतो, "आईकडे जा." असे आम्ही का म्हणू लागलो ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित तोपर्यंत आम्ही पुस्तकात वाचलेले असेल. परिणाम असा झाला की एकाच बाईला एकाच घरात पाच मुले वहिनी म्हणत होती आणि सहावा आई म्हणत होता.

आईने यावर कधी काही म्हटले नाही. मी नोकरीतून निवृत्त झालो त्या वर्षी ती आजारी होती आणि रात्री मी तिच्याजवळ बसत असे. एकदा तिने मला विचारले, "तुम्ही बाहेर लोकांना सांगताना माझ्याविषयी काय सांगता?" मी म्हटले, "आई म्हणूनच सांगतो. माझी आई आजारी आहे, असे." ती म्हणाली, "मग ठीक आहे." पुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. तेवढ्या एका प्रश्नावरून मला कळले की तिने तो कितीतरी वर्षे मनात धरला होता. म्हणून तुमच्या मनाला लागते ते अयोग्य मुळीच नाही.

पळसफूल

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि आता शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

जुनी शुक्रवारी काकांनी आपल्या आईचा जो प्रश्न सांगितला आहे, त्यात एक महत्त्वाचा भेद आहे. आपण एखाद्या व्यक्तीला हाक कशी मारतो आणि तिच्याविषयी दुसऱ्याशी बोलताना तिचा उल्लेख कसा करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी माणूस आपल्या आईला 'ओकासान' अशी हाक मारतो, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना तिला 'हाहा' म्हणतो. आपल्या विदर्भाच्या खेड्यांत मुलगा घरात "माय वं" अशी हाक मारतो आणि पारावर "माही बुढी घरी हाय" असे सांगतो, त्यात अनादर नसतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हा भेद अजून कळत नाही. त्याच्या लेखी हाक हेच त्या व्यक्तीचे नाव असते. 'आई' हा एका नात्याचा शब्द आहे आणि प्रत्येकाची आई वेगळी असते, ही समज हळूहळू येते. त्यामुळे बागेतल्या त्या बाईंनी विचारलेला प्रश्न तुमच्या मुलीला "आई नावाची बाई कुठे आहे?" असा ऐकू आला, आणि तिचे उत्तर अगदी बरोबर होते.

दुसरी गोष्ट या शब्दांच्या ध्वनींची. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी जगभरातील भाषांतून आई आणि वडील यांच्यासाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते. त्यांपैकी ५३१ आईसाठीचे होते. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की आईसाठीच्या शब्दांत 'म' किंवा 'न' यांसारखे अनुनासिक इतके आढळतात याचे मूळ स्तनपानात असावे. बाळाचे तोंड दुधात गुंतलेले असते तेव्हा त्याला नाकातूनच आवाज काढता येतो. ती कुरकुर पुढे भुकेची होते, मग हवे-नको सांगण्याची होते आणि शेवटी जी भूक भागवते तिला बोलावण्याची होते. तेलुगू अम्मा, बंगाली मा, हिंदी माँ आणि अम्मा, आपली माय, इंग्रजीतून आलेली मम्मी या सगळ्यांत तो 'म' आहे. हा काही अभंग नियम नाही, कारण जॉर्जियन भाषेत 'देदा' म्हणजे आई आणि 'मामा' म्हणजे वडील.

आणि आपला 'आई' हा शब्द तर या सगळ्यांहून वेगळा आहे. त्यात व्यंजनच नाही, दोन्ही स्वर आहेत. ओठ मिटावे लागत नाहीत, म्हणून फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत ही हाक लांबवता येते. मला तो शब्द म्हणूनही फार प्रिय आहे, आणि तो आपल्या वाट्याला यावा असे तुम्हाला वाटणे मी समजू शकते.

उपाय विचारत असाल तर तो एकच आहे आणि तो मुलीवर करायचा नाही. मुलीसमोर तुमच्या यजमानांनी तुमचा उल्लेख 'आई' असा करावा, आणि तुम्ही स्वतः मुलीसमोर तुमच्या आईला 'आजी' म्हणावे. मूल ऐकते ते उचलते. "अम्मा नको, आई म्हण" असे तिला टोकण्याने काही साधत नाही आणि उगाच तो शब्द तिच्यासाठी परीक्षेचा होऊन बसतो.

धरमपेठ ते धंतोली

माझे सासर बंगाली आहे. धंतोलीतली जुनी रेल्वेवाली मंडळी. पतीचे पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि परत गेले नाहीत. माझ्या दोन्ही मुलांनी मला 'मा' म्हटले आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, कदाचित 'माय' या शब्दापासून ते फार लांब नाही म्हणून.

मला गोंधळात टाकले ते दुसऱ्याच गोष्टीने. माझे सासरे माझ्या लहानग्या मुलीलाही 'मा' म्हणत. "मा, इथे ये." बंगाली घरांत मुलीला लाडाने मा म्हणण्याची रीत आहे. पतीही आपल्या आईला मा म्हणत आणि मीही सासूबाईंना मा म्हणत असे. म्हणजे एका खोलीत तीन मा, आणि त्यांतली एक दोन वर्षांची. मुलगी फक्त आवाजावरून ओळखायची की आपल्याला बोलावले आहे की आजीला. तिने कधी चूक केली नाही.

महाराजबागेजवळ

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला मात्र वाटते की प्राणहिता ताईंनी आग्रह धरलाच पाहिजे. नागपुरात मराठी घरांतूनच मराठी निघून चालली आहे. बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि घरातही "मम्मी-पप्पा". १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी-मराठी दोन्ही इथे नांदत होत्या हे मला मान्य आहे, परंतु आता नांदण्याचे प्रमाण एकतर्फी झाले आहे. आईला आई म्हणणे हा शेवटचा शब्द आहे, तोही सोडला तर मग मुलांना मराठी का शिकवायची? सासूबाईंचा मान राखून, पण ठामपणे, आई म्हणायला शिकवा.

जुनी शुक्रवारी

महाराजबागेजवळ, तुमच्या कळकळीविषयी शंका नाही. पण इतवारीतल्या कितीतरी अस्सल मराठी घरांत मुले वडिलांना बाबूजी म्हणत आली. हिंदीचाच तो संस्कार, राजधानीच्या दिवसांतला. त्या घरांतली मुले मराठी विसरली नाहीत, उलट त्यांतल्या काहींनी आयुष्यभर मराठी शाळांत शिकवले. शब्द हिंदी होता एवढ्यावरून घराची भाषा ठरली नाही. मला आईचा प्रश्न भाषेच्या रक्षणाचा करू नये असे वाटते, कारण मग तो प्राणहिता ताईंच्या मनातला राहत नाही.

गिरणीचा भोंगा

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. या धाग्यावर मात्र लिहावेसे वाटले.

माझे आजोबा छत्तीसगडातून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले. ही गिरणी १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केली होती आणि छत्तीसगडातून कामासाठी नागपूर गाठणारी आमच्यासारखी बरीच कुटुंबे होती. आमच्या घरात छत्तीसगढी बोलली जाई आणि आम्ही आईला दाई म्हणत होतो. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. मला पालिकेच्या नव्हे, एका खासगी मराठी शाळेत घातले होते, कारण वडिलांना शिक्षणाची फार हौस होती. दुसरीत असताना मी बाईंना सांगितले, "आज दाईला ताप आहे." वर्ग हसला. मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी. एका मुलाने विचारले, "तुझ्या घरी दाई कामाला आहे का?" बाईही हसल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हते हे मला आज कळते.

त्या दिवशी घरी आलो आणि आईला 'आई' अशी हाक मारली. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वळून पाहिले नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिने शेजारच्या काकू आल्या आहेत की काय म्हणून दाराकडे पाहिले, कारण आमच्या चाळीत 'आई' ही हाक शेजारच्या घरातून यायची. मग तिला कळले की हाक तिलाच आहे. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि विचारले, "काय झालं?" तेही मराठीत विचारले. माझ्याशी ती त्याआधी कधीही मराठीत बोललेली नव्हती.

त्यानंतर मी तिला दाई म्हटले नाही. धाकट्या बहिणी म्हणत राहिल्या. आई २०११ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या काळात मी पुन्हा दाई म्हणायचा प्रयत्न केला, परंतु माझ्याच तोंडाला तो शब्द परका झाला होता. प्राणहिता ताई, तुमच्या मुलीच्या तोंडातला शब्द कोणत्याही कारणाने बदलायचा असेल तर तो ती स्वतः बदलेपर्यंत थांबा, आणि शाळेत कोणी त्यावर हसणार नाही एवढे आधी बालवाडीत जाऊन सांगून ठेवा. माझ्या वडिलांना ते सुचले नाही.

ऱ्हाइनकाठ

आम्ही मूळचे प्रतापनगरचे, गेली नऊ वर्षे जर्मनीत. आमच्याकडचा पेच असा की जर्मनमध्ये आईला 'मामा' म्हणतात, उच्चार जवळजवळ आपल्या मामासारखाच, फक्त शेवटचा 'आ' किंचित आखूड.

घरात आम्ही नवरा-बायको कटाक्षाने मराठी बोलतो आणि मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत मला आई म्हणत होता. बालवाडीत जाऊ लागल्यावर सहा महिन्यांत तो मामा म्हणू लागला, कारण दुपारी न्यायला गेले की शिक्षिका दारातून सांगत, "तुझी मामा आली." मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे मातृदिन असतो. त्याने रंगीत खडूंनी काढलेले एक कार्ड आणले, त्यावर चार मोठी अक्षरे होती, एम, ए, एम, ए, त्यांतला दुसरा एम उलटा. ते आजही आमच्या फ्रिजवर आहे.

त्याच वर्षी दिवाळीत माझा भाऊ नागपुराहून आला. विमानतळावर मी मुलाला म्हटले, "हा बघ, तुझा मामा." त्याने माझ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले, आणि तो रडू लागला. त्याला काय वाटले असेल ते मला गाडीत बसल्यावर समजले. आपली आई बदलून या दाढीवाल्या माणसाला दिली जात आहे, असेच त्याला वाटले असणार. भावाला इतके वाईट वाटले की पुढचे तीन आठवडे त्याने स्वतःला मामाजी म्हणवून घेतले, आपल्या नागपुरी हिंदीच्या धर्तीवर, आणि आता तेच कायम झाले आहे.

आता मुलगा सात वर्षांचा आहे. मित्र सोबत असले की मामा, घरात आई, आणि काही हवे असेल तर "आईऽऽ" असे लांबवून. पळसफूल म्हणतात तो भेद तो आपण होऊन शिकला. मला त्यात आपले काही हरवले असे वाटले नाही. हरवल्यासारखे वाटले ते मधल्या दोन वर्षांत, जेव्हा 'आई' अगदीच बंद झाले होते. त्या काळात तुम्ही आता आहात, म्हणून लिहिले.

प्राणहिता

सर्वांचे मनापासून आभार. गिरणीचा भोंगा, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. तो ऐकून त्यांनी लगेच बालवाडीच्या शिक्षिकांना भेटायचे ठरवले.

पळसफूल ताईंनी सुचवलेला उपाय मी आठ दिवस केला. यजमानांनी लक्षपूर्वक 'आई' म्हणायला सुरुवात केली, आणि मी फोनवर माझ्या आईला 'आजी' म्हणू लागले. "आजी, जेवलीस का?" पहिल्या दिवशी आई हसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "हे काय चाललं आहे?" मी समजावून सांगितले. ती म्हणाली, "बरं." त्यानंतर ती फोनवर कमी बोलू लागली. मला वाटले तिची तब्येत बरी नसेल. रविवारी मी एकटीच महालात गेले. ती गवार मोडत बसली होती. मीही ताटाजवळ बसून मोडू लागले. बऱ्याच वेळाने ती मान खाली घालूनच म्हणाली, "मला आई म्हणणारी तू एकटीच आहेस गं."

मी तिचे एकुलते एक अपत्य आहे. जो शब्द मला मुलीकडून हवा होता तोच मी तिच्याकडून काढून घेत होते, आणि हे आठ दिवस माझ्या ध्यानातही आले नाही. त्या रात्री साडेआठला मी फोन लावला आणि "आई" म्हणाले. मुलगी शेजारी होती. तिनेही लगेच "आई!" म्हटले. तिच्या चेहऱ्यावरून वाटले की आठ दिवस कुठेतरी गेलेले माणूस परत आले आहे.

पळसफूल

प्राणहिता, मी सुचवलेल्या उपायाचा हा परिणाम होईल हे मला दिसायला हवे होते. तुमच्या आईंना माझ्या वतीने नमस्कार सांगा.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले आणि महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला, जिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीती एकमेकींत मिसळतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत दक्षिणेची, ती आपल्याकडे आहे, उत्तरेत नाही. शब्दांचेही तसेच आहे. तुम्ही सासूबाईंना अत्तय्या म्हणता. तेलुगूत 'अत्त' म्हणजे वडिलांची बहीण आणि सासू दोन्ही, कारण आत्याच्या मुलाशी लग्न होत असे. आपल्या खेड्यांत सुना सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणतात, त्यामागेही हीच रीत आहे. त्यामुळे तुमच्या घरात दोन परक्या भाषा भेटल्या आहेत असे मला वाटत नाही. सिरोंचा आणि महाल यांची ओळख तुमच्या लग्नाच्या फार आधीची आहे.

प्राणहिता

हे मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरचे लोक माहूरला जात, आणि त्यांच्या घरात त्या देवीला एल्लम्मा म्हणत, तर वाटेत भेटणारे मराठी यात्रेकरू तिलाच रेणुका आई म्हणत. लहानपणी त्यांना वाटायचे की गडावर दोन देव्या आहेत.

मी सध्या काहीही बदलायचे नाही असे ठरवले आहे. यजमान मुलीशी बोलताना माझा उल्लेख कधी आई, कधी अम्मा असा करतात, जसे तोंडात येईल तसे. बालवाडीत आम्ही दोघे जाऊन आलो आणि तिथल्या शिक्षिकांनी वहीत लिहून घेतले की ही मुलगी आईला अम्मा आणि आजीला आई म्हणते. लिहिताना त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

काल दुपारी सिरोंचाहून यजमानांच्या बहिणीचा फोन आला होता. सासूबाईंनी फोन मुलीच्या हातात दिला. आत्याने तेलुगूत विचारले, "रोज रात्री फोनवर कोणाशी बोलतेस?" मुलगी म्हणाली, "आई." आत्याला मराठी शब्दाचा अर्थ माहीत आहे, म्हणून तिने पुन्हा विचारले, "आई म्हणजे कोण?" मुलगी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "अम्म अम्म." अम्माची अम्मा. सासूबाईंनी तिला जवळ घेऊन सांगितले की याला तेलुगूत एक शब्द आहे, अम्मम्मा. मुलीने तो दोन-तीन वेळा म्हणून पाहिला. रात्री साडेआठला मी फोन लावला तेव्हा ती माझ्या आधी पडद्यासमोर जाऊन बसली होती आणि माझ्या आईला सांगत होती, "आई, तू अम्मम्मा आहेस."

आईने मला विचारले, "काय म्हणते आहे ती?"

मी म्हटले, "तू माझी आई आहेस, असं म्हणते आहे."